बंदरावरची शिकवणी

२८ ऑगस्ट १९९४, रविवार

ही डायरी डॉक्टरांनी दिली. कुठल्याशा औषध कंपनीने त्यांना फुकट दिलेली, आठ महिने टेबलावर धूळ खात पडलेली. ती माझ्या हातात ठेवून म्हणाले, "दमयंतीबाई, यांच्याशी भांडायचं नाही. आवाज चढवायचा नाही, टोमणे मारायचे नाहीत. अगदीच राहवलं नाही तर यात लिहा." सत्तावीस वर्षांच्या संसारात मी याखेरीज दुसरं काय केलं असेल असं त्यांना वाटतं कोण जाणे. तर आजपासून यांच्या वाटणीचे टोमणे या डायरीला.

हकीगत अशी. हे, म्हणजे दीनानाथ गुप्ते, वय सत्तावन्न, तळोज्याच्या कारखान्यातून नुकतेच मोकळे झालेले. यांच्या हृदयाच्या तीन नळ्या तुंबल्यात. तपासणीचा फोटो मलासुद्धा दाखवला. बायपास करावं लागेल, लवकर करा म्हणाले, उशीर म्हणजे जिवाशी खेळ. तोवर सकाळी सपाटीवर हळूहळू चालायचं, जिना टाळायचा, छातीत आवळलं तर गोळी जिभेखाली ठेवायची. आम्ही नवीन पनवेलला तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि आमच्या इमारतीची लिफ्ट अजून नकाशातच आहे.

यावर हे काय म्हणाले? "बघू." हे 'बघू' माझ्या ओळखीचं आहे. बाथरूमचा नळ चार वर्षं त्याच्यावरच गळतोय.

आणि खरंच बघायला लागले. ऑपरेशनचं नव्हे, पक्ष्यांचं. कारखान्यात निरोपाला दुर्बीण मिळाली होती, ती कपाटातून बाहेर आली. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, मग बंदरावर चालतो, म्हणाले. एकट्याला सोडायचं नाही असाही हुकूम आहे, म्हणून बरोबर मी. माझी टेलिफोन एक्स्चेंजमधली ड्यूटी दुपारची, त्यामुळे सुटकाही नाही.

३१ ऑगस्ट

पनवेल बंदर म्हटल्यावर कोणाच्या डोळ्यांपुढे जहाजं येत असतील तर त्यांनी ती ताबडतोब पुसावीत. जहाजं तिकडे न्हावा-शेव्याला. आमच्या वाट्याला होड्या, जाळी, तिवरांची झाडी, सुकटीचा वास आणि चिखल. चिखल मात्र मुबलक. आणि त्या चिखलात चिखलाच्याच रंगाचे पक्षी.

"ते बघ, तुतवार," हे कुजबुजले. "हिमालयापलीकडून येतो. हे पहिले पाहुणे. आता रोज वाढत जातील."

मी बघितलं. एक चिमुकला तपकिरी पक्षी ढुंगण हलवत चालला होता. इतक्या लांबून उडत यायचं आणि उतरायचं कुठे, तर पनवेलला. माझ्या नणंदेला ठाण्याहून यायला जमत नाही.

पक्षी ओहोटीला येतात, चिखल उघडा पडला की. म्हणून ओहोटी कधी ते कळायला हवं. त्यासाठी यांनी चक्क पंचांग विकत आणलं. तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ निघते, असं कोणी कोळ्याने सांगितलंय. आमच्या घरात पंचांग आलं हे मामंजींनी ऐकलं असतं तर पेढे वाटले असते.

५ सप्टेंबर

आज यांनी बजाज विकली. सतरा वर्षांची स्कूटर, जिला मलासुद्धा हात लावायची परवानगी नव्हती. आणि दुपारी दाराशी कायनेटिक उभी. "गियर नाहीत. तुला जमेल," म्हणाले.

मला विचारलं होतं? मी म्हटलं, रिक्षा काय मेल्या आहेत? तर म्हणाले, रिक्षावाला चिखलाच्या बांधापर्यंत येत नाही. म्हणजे पक्षी बघणार हे आणि एक्कावन्नाव्या वर्षी हात-पाय मोडून घेणार मी. मैदानावर तीन फेऱ्या मारल्या. शेजारच्या मुलांनी क्रिकेट थांबवून बघितलं. हे कट्ट्यावर बसून सूचना देत होते, ब्रेक, ब्रेक, अगं दोन्ही ब्रेक. मी एकदा कुंपणात गेले, पण कुंपण मेंदीचं होतं.

१३ सप्टेंबर

गौरी-गणपती पार पडले. पाहुण्यांपैकी प्रत्येकाच्या ओळखीत एक तरी बायपासवाला निघाला आणि प्रत्येक बायपासवाला आता म्हणे डोंगर चढतो. हे सगळ्यांना मोदक वाढत 'हो का' म्हणत होते.

आज दादरच्या हॉस्पिटलातून फोन. सत्तावीस सप्टेंबर मोकळी आहे, मोठे सर्जन स्वतः करतील. इतक्या लवकर कशी काय, विचारलं, तर तिकडची बाई म्हणाली, "पितृपक्ष आहे ना. लोक तारखा घेत नाहीत. एरवी डिसेंबर." मी लगेच हो म्हटलं. लोकांच्या पितरांमुळे का होईना, आपला नंबर लागला.

घरी सांगितलं. यांनी पंचांग उघडलं. मला वाटलं, ओहोटी बघतायत. तर म्हणाले, "पितृपक्षात नको गं."

ज्या माणसाने आमच्या लग्नात भटजींना मंत्रांचा अर्थ विचारत बसून मुहूर्त चुकवला, ज्याने स्वतःच्या आईचं वर्षश्राद्ध अनाथाश्रमाला धान्य देऊन उरकलं, त्याला आता पितृपक्ष आडवा येतो. टोमणा अगदी ओठांवर आला होता. डॉक्टर, बघा, इथे लिहिला.

तारीख मी रद्द केलेली नाही. यांना घाबरट म्हणायचीही सोय नाही, कारण तोही टोमणाच.

१८ सप्टेंबर, रविवार

चारुदत्त दिघे नावाचा यांचा कारखान्यातला जुना मित्र आहे. तो आणि आणखी चार जण दर रविवारी पक्षी बघत हिंडतात. आज आम्ही त्यांच्यात. एक दाताचे डॉक्टर, एक बँकेतली निशा नावाची मुलगी, एक कॉलेजातलं जोडपं. सगळे टोप्या घालून. मी एकटी पाचवारी साडीत आणि पायांत चपला, एका चपलेने तर चिखलातच राहायचं ठरवलं.

यांचं वागणं मला कळत नाही. स्वतः अर्ध्या वाटेवर होडीच्या काठावर बसले आणि मला म्हणाले, "तू जा त्यांच्याबरोबर. मी इथून बघतो." इथून काय दिसतं, डोंबल? दुर्बीण तर माझ्या गळ्यात. तिची उजवी काच यांनी माझ्या नंबरला जुळवून ठेवलीय आणि वर चिकटपट्टी लावलीय, हलू नये म्हणून. स्वतःला धूसर दिसतं म्हणून कुरकुर करतात आणि काच परत फिरवत नाहीत.

निघताना चारुदत्तांना म्हणाले, "हिला हिवाळाभर नेत जा रे. नाही म्हणाली तरी." मी काय पोस्टाचं पार्सल आहे? मी स्पष्ट सांगितलं, मला यात काडीची आवड नाही, यांना सोबत म्हणून येते. चारुदत्त चष्मा पुसत राहिले. हा मनुष्य एरवी बडबड्या आहे.

वाटेत यांनी चिखल्या दाखवला. गोटीसारखं डोकं, दोन पावलं पळतो, थांबतो, पुन्हा पळतो. "एप्रिलमध्ये परत जायच्या आधी याची छाती विटकरी होते. ते चुकवू नकोस." 'आपण बघू' म्हणायला जीभ झिजते का?

२१ सप्टेंबर

आज कायनेटिकवरून थेट खाडीकाठच्या गव्हाणपर्यंत, मागे यांना बसवून. डंपर अंगावर येत होते. हे मागून शांतपणे, "डावीकडे राहा, त्याला जाऊ दे." मला घाम फुटलेला आणि हे गाण्याची लकेर घेतायत.

तिथे मिठागराच्या बांधावर गंमत झाली. दुर्बीण, टोपी आणि हातात कागद बघून एक जीप येऊन थांबली. जगन घरत, गावातला जमीनवाला, गळ्यात हे एवढं सोनं. आम्ही जमिनीच्या सर्व्हेला आलोय अशी त्याची खात्री. दहा वर्षांपूर्वी, जमिनी जाणार म्हणून, अशा माणसांना इथे दगड बसायचे, आता शहाळी मिळतात.

"मॅडम, रस्ता आमच्या मिठागरावरून जातो का बाजूनं, तेवढा सांगा."

मी म्हटलं, आम्ही पक्षी बघतो.

"पाखरं?" तो हसला. "बरा. तुमी नाय बोलनार. वरून आर्डर आसल. आमी समजतो."

हे माझ्या मागे उभे. मी हळूच म्हटलं, तुम्ही सांगा ना. तर म्हणाले, "तूच सांग. उद्या एकटी असताना भेटला तर?" एकटी मी इथे कशाला येतेय? शेवटी मी दुर्बीण जगनच्या हातात दिली आणि तुतवार दाखवला. त्याने बराच वेळ बघितलं, मग विचारलं, "ह्याला सरकार पगार देते?" तरीही शहाळी गाडीच्या डिकीत टाकलीच. उद्याच्या रस्त्याची आगाऊ सोय.

२४ सप्टेंबर

मामंजींची तिथी. सत्तावीस वर्षांत यांनी पहिल्यांदा सांगितलं, वडिलांचं पान ठेवू या. मी म्हटलं, एकदम हे काय? "ते सत्तावन्नाव्या वर्षीच गेले. सहज आठवलं." मी वडे, खीर, सगळं केलं आणि पान गच्चीवर नेलं. यांनाही यायचं होतं. एक मजला चढताना दोनदा थांबले. मी पान धरून थांबले आणि कपडे वाळत घालायच्या दोरीबद्दल बोलत राहिले.

कावळा येईना. बंदरावर हजारो मैलांवरून पक्षी येतात आणि समोरच्या पिंपळावरचा कावळा आमच्या वड्याला येत नाही. दुर्बिणीचे मालक तोवर खूश, कारण पाण्याच्या टाकीवर यंदाचा पहिला धोबी पक्षी आला होता, शेपटी आपटत. "आला बघ, आला," म्हणून मला दाखवत होते. वडिलांना विसरले.

मी मनातल्या मनात म्हटलं, मामंजी, यांचं ऑपरेशन मी करून घेते, शब्द देते, आता शिवा. कावळा आला, वडा उचलून गेला. त्याला भूक लागली असणार. पण शब्द देऊन बसले.

२६ सप्टेंबर

सुरतेत प्लेग. मुंबईत अफवा. पनवेलला दोन्ही. एक्स्चेंजमध्ये सगळ्या लाइन जाम, ज्याला त्याला आपापल्या नातेवाईकांना घाबरवायचंय. औषधाच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन गायब झालंय. चारुदत्त तोंडाला रुमाल बांधून आले, मला वाटलं दरोडा पडला.

उद्याची तारीख. बॅग भरून दाराशी ठेवलेली. यांनी सकाळी माझ्या नकळत हॉस्पिटलात फोन करून नाही कळवलं. "प्लेगात मुंबईला? शहाणी आहेस का? एक महिन्याने बघू. सगळं शांत झालं की."

आधी पितर, आता उंदीर. पुढे दिवाळी आहे, मग लग्नसराई, मग मार्च अखेर. तीन तुंबलेल्या नळ्या घेऊन हा माणूस कॅलेंडरची पानं उलटतोय. मी भांडले नाही. बॅगेतले कपडे काढून कपाटात ठेवले आणि कपाटाचं दार जरा जोरात लावलं. तेवढं चालत असावं.

२९ सप्टेंबर

बंदरावर यांना दुखलं.

मी पुढे गेले होते. मला वाटलं, नेहमीप्रमाणे बसलेत. भामाने हाक मारली म्हणून वळले. ही भामा होडीवरून मासळी घेते आणि बाजारात विकते. पहिल्याच दिवशी तिने मला विचारलं होतं, "बाई, तुमचा माणूस पाखरं खातो का काय?" आज ती यांच्या पाठीला हात लावून उभी होती. यांचा सदरा घामाने ओला, चेहरा राखेसारखा. गोळी खिशात होती आणि बोटांना बटण सुटत नव्हतं. मी खिसा फाडला.

दहा-पंधरा मिनिटांनी रंग परत आला. "पाण्यात शेकाट्या होते, लाल पायांचे. बघितलेस का?" हे पहिलं वाक्य.

भामा मला बाजूला घेऊन म्हणाली, "माझ्या सासऱ्याला आसाच घाम सुटला व्हता. वाट कसली बगता? न्या त्याला." मी म्हटलं, ते जात नाहीत. "मंग उचलून न्या," म्हणाली आणि टोपली डोक्यावर घेऊन गेली. सोपं आहे. सत्तर किलो वजन आणि सत्तावन्न वर्षांचा हट्ट.

मला भीती वाटते. हे इथे लिहायचं नव्हतं, डॉक्टरांनी फक्त टोमण्यांचं सांगितलं होतं.

१ ऑक्टोबर, शनिवार

नीट लिहिते.

मी टेस्ट डेस्कवर बसते. कोणाचा फोन बिघडला की तक्रार आमच्याकडे. मी त्या नंबरवर प्लग लावते आणि लाइन जिवंत आहे, मेलेली आहे की रिसीव्हरच खाली राहिलाय ते बघते. कोणी बोलत असलं तर दोन शब्द कानावर पडतात. पडले की प्लग काढायचा. पंचवीस वर्षांत मी तिसरा शब्द ऐकलेला नाही. गावात कोणाचं काय चाललंय ते मला सहज कळलं असतं, पण नाही ऐकलं. नव्या मुलींना मीच हे शिकवते.

आज चारच्या सुमाराला पुण्याहून रेवाचा फोन. आमची लेक, घाबरलेली. "आई, घरचा फोन तासभर एंगेज आहे. बाबा एकटेच आहेत ना?" परवाचं मी तिला सांगितलं होतं, झक मारली. माझ्या डोळ्यांपुढे रिसीव्हर लोंबकळत होता आणि खाली हे. आमच्याच नंबरवर प्लग लावला.

हे बोलत होते. आवाज ठणठणीत. दोन शब्द झाले, प्लग काढायला हवा होता. नाही काढला.

पलीकडे चारुदत्त. हे सांगत होते, "गव्हाणपर्यंत नेली गाडी. तुमच्यात मिसळतेय, तोंड वाकडं करत का होईना. अजून महिनाभर मिळाला पाहिजे. एकटी बाहेर पडायला लागली की मी जातो हॉस्पिटलात, मग माझी काही ना नाही."

चारुदत्त काहीतरी म्हणाले.

"अरे, मला नाही वाटत मी टेबलावरून उठेन. वडील याच वयात गेले. माझं सोड. ही काय करेल? ड्यूटीवरून येईल, दार लावून बसेल. टोमणे मारायचे कोणाला? सकाळी उठून कुठेतरी जायला हवं ना माणसाला. पक्षी दर वर्षी येतात, तेवढा तरी भरवसा."

मी प्लग काढला. तक्रारींचे दिवे लुकलुकत होते. रेवाला फोन करून सांगितलं, बाबा गप्पा मारतायत, काही झालेलं नाही. मग पुढचे नंबर तपासले. दोन मेलेल्या लाइन, एक रिसीव्हर खाली.

घरी आले तर हे म्हणाले, "दमलीस? भेंडी चिरून ठेवलीय." मी भेंडी केली. जेवलो.

आता राग येतोय, आणि कोणावर तेच कळत नाही. बजाज, काच, ते 'तू जा, मी इथून बघतो', चारुदत्तांना दिलेलं पार्सल. एवढं सगळं समोर मांडून ठेवलं होतं आणि मी चपलेची तक्रार करत बसले. मी जितकी टाळाटाळ केली तितकी तारीख पुढे गेली. यांना टेबलावर झोपवायचं तर आधी मला विधवा म्हणून पास व्हायला हवं. असली परीक्षा कोणी काढली असेल? माझ्याच नवऱ्याने काढली.

ओरडून सांगता येईल की मी सगळं ऐकलं. पण मग हे हसतील, नाही म्हणतील आणि दुसरं काहीतरी शोधतील. यांना मी ओळखते.

४ ऑक्टोबर, मंगळवार

उजाडताना उठले. चहा ठेवला आणि सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "तुम्ही पडा. मी गव्हाणला जाऊन येते."

"एकटी?"

"मग काय वरात काढू?"

हे गॅलरीत उभे राहिले. मी पहिल्या झटक्यात गाडी सुरू केली, वळून बघितलं नाही. वळले असते तर गेले नसते.

जाताना एका डंपरला मी वाट दिली नाही. बांधावर कोणी नव्हतं, म्हणून पहिल्यांदा रडून घेतलं. रडताना दुर्बिणीतून काही दिसत नाही. मग डोळे पुसले आणि मन लावून बघितलं, कारण घरी गेल्यावर तोंडी होणार होती. आणि आश्चर्य हे की मला सगळे ओळखता आले. तुतवार लांबूनच, नुसत्या चालीवरून. चिखल्या पळण्यावरून. मग बांधाच्या टोकाला एक मोठा तपकिरी पक्षी, दाभणाएवढी लांब वाकडी चोच चिखलात खुपसत होता. तो उडताना ओरडला आणि मला एवढं बरं वाटलं की स्वतःचीच लाज वाटली. घरी माणूस तसा आणि मला पक्षी दिसल्याचा आनंद.

परतताना जगनची जीप. "मॅडम, आज साहेब नाय?" नाही म्हटलं, आज मी एकटी. "मंग रस्ता ठरला म्हना की," म्हणाला.

घरी हे गॅलरीतच होते. बहुधा तिथून हललेच नव्हते. मी हेल्मेट काढत, अगदी सराईतपणे, काय काय बघितलं ते सांगितलं.

"चोच कशी होती?"

"खाली वाकलेली."

"नक्की? सरळ असेल तर पाणटिवळा."

"खाली वाकलेली. कोरल होता. ओरडलासुद्धा. आणि रविवारी मी चारुदत्तांच्या गटाबरोबर उरणकडे जाणार आहे, तुम्ही आलात तर या."

हे चहा प्याले, कप स्वतः विसळला. मग आतून म्हणाले, "हॉस्पिटलात फोन करून बघ. दसऱ्यानंतरची मिळते का."

पास झाले. पेढे कोणाला वाटू?

१७ ऑक्टोबर

हॉस्पिटल. पितृपक्षाने घाबरलेली सगळी माणसं दसऱ्यानंतर एकदम धाडसी होतात, म्हणून मोठ्या सर्जनची नव्हे, त्यांच्या हाताखालच्या डॉक्टरांची तारीख मिळाली. उद्या सकाळी. डॉक्टर वरदसारखा दिसतो. वरद म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरचा, बारावीचा. पण हात चांगला आहे म्हणतात.

संध्याकाळी यांना दाढी करायला, अंगावरचे केस काढायला नेलं. परत आले तर छाती तुळतुळीत. मी म्हटलं, पिसं काढलेली कोंबडी. सवयीने गेलं तोंडातून. डॉक्टरांनी बंदी घातलेली दोन महिन्यांपूर्वी, हा पहिलाच सुटला. हे इतके हसले की पलीकडच्या पेशंटने बघितलं.

मग माझा हात हातात घेऊन म्हणाले, "तुला आता सगळं येतं." मी 'हो' म्हटलं. आयुष्यात इतकं जड 'हो' म्हटलेलं नाही.

१८ ऑक्टोबर

आत नेलं. रेवा शेजारी आहे. तिचा हात गार आहे की माझा ते कळत नाही.

एकाही पाखराचं नाव आठवत नाही.

संध्याकाळी. बाहेर आणलं. नळ्याच नळ्या. डॉक्टर म्हणाले, झालं व्यवस्थित, पण शुद्धीवर येऊ देत. त्या मुलाला मी वाकून नमस्कार केला. तो दचकला.

२० ऑक्टोबर

काल रात्री रेवा थांबली आणि मला घरी पाठवलं. आज पहाटे कपडे भरून निघाले. कायनेटिक स्टेशनकडे न्यायची होती, पण बंदरावर गेली. नेली म्हणू या. भामाने लांबूनच हाताने विचारलं, काय? मी हातानेच सांगितलं, आहे. तिने दोन पापलेटं कागदात गुंडाळून पुढे केली. हॉस्पिटलात निघालेय म्हटलं तर म्हणाली, डाक्टरला द्या.

पाण्यावर कुरव आले होते. काल नव्हते म्हणे. पंख राखाडी, पोट पांढरं, चोच लाल, डोळ्यामागे काळा ठिपका. थव्याने बसलेले, होडी जवळ गेली की एकदम उठायचे आणि पुन्हा बसायचे. मी चांगला अर्धा तास बघत होते. उरणच्या फेरीत निशा म्हणाली होती तसेच, अगदी तस्से. कोणाला सांगू असं झालं होतं.

दुपारी पाच मिनिटं आत सोडलं. तोंडातली नळी काढली होती. हे पांढरेफटक, ओठ फुटलेले. मला बघितलं आणि घोगऱ्या आवाजात पहिला प्रश्न, "गेली होतीस?"

"हो."

"काय दिसलं?"

मी सांगायला तोंड उघडलं. आणि यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. मी नीट उत्तर दिलं असतं तर यांनी डोळे मिटून घेतले असते, निवांत, सगळं आवरून झाल्यासारखे. ते मला अजिबात नको होतं.

"पांढरं काहीतरी होतं," मी म्हटलं. "बगळे असतील."

"पाण्यावर बसले होते की उभे?"

"बसले होते वाटतं. लक्ष नाही दिलं."

"बगळा पाण्यावर बसतो का?" कपाळाला आठी पडली. "चोच कसली होती?"

"असते तशी."

"अगं, दोन महिने काय शिकवलं मी तुला?"

"विसरले सगळं. कोरल आणि तो दुसरा, त्यातसुद्धा घोळ होतोय. गाडीचीही भीती बसलीय, काल स्टेशनवर कोणालातरी धडकणार होते. पहिल्यापासून शिकवायला लागेल."

यांनी मान उचलायचा प्रयत्न केला. कुठलंसं यंत्र वाजायला लागलं. नर्स धावत आली, आणि मला म्हणाली, पेशंटला चिडवू नका. मी तिला सांगितलं, डॉक्टरांनीच सांगितलंय. ती गोंधळून डॉक्टरांना विचारायला गेली.

"कुरव असणार ते," हे घशातून एकेक शब्द ओढत म्हणाले. "कुरव. नीट ऐक. बगळ्याचे पाय लांब. तो पाण्यात उभा राहतो. कुरव तरंगतो. पंख..." दम लागला, थांबले, पुन्हा सुरू. "पंख राखाडी. कळलं?"

मी चेहरा होईल तेवढा मठ्ठ केला आणि विचारलं, "म्हणजे बगळाच ना?"

हे पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.